स्कॅनवरचा काळा ठिपका

काकू टेबलावर उताण्या झोपल्या होत्या आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर त्यांचाच सांगाडा ठिपक्याठिपक्यांनी उमटत होता. आधी कवटी, मग मान, खांदे, मग छाती. डाव्या बरगड्यांवर तीन गडद ठिपके आले, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखे. "हलू नका हं काकू," मी म्हटलं. पण त्यांची नजर पडद्यावरच होती. "पसरलाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. इंजेक्शन द्यायचं, स्कॅन काढायचा, हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात, त्यामुळे टेबलापाशी उभं राहून मला "हो" किंवा "नाही" म्हणता येत नाही. पण तो ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजावून सांगता येतं. ते आधी माहीत असतं तर रिपोर्ट हातात पडेपर्यंतची रात्र थोडी तरी हलकी गेली असती, असं मला दर वेळी वाटतं. म्हणून हे लिहिते आहे. काकूंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चार वर्षांपूर्वी काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता बरगडीत दुखायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला होता.

हाड कधी स्वस्थ नसतं

आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू वाटते. प्रत्यक्षात त्यात जन्मभर काम चालू असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी येऊन तिथे नवं हाड भरतात. पोखरणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. दोघांचा हिशोब जुळतो तोवर हाड मजबूत राहतं.

कॅन्सरच्या पेशी रक्तातून हाडात येऊन बसल्या की हा हिशोब बिघडतो. त्या स्वतः हाड खात नाहीत, तर पोखरणाऱ्या पेशींना चिथावतात. हाड पोखरलं गेलं की त्यात साठवलेली वाढीची रसायनं मोकळी होतात आणि तीच कॅन्सरच्या पेशींना खतपाणी घालतात. म्हणून दुष्टचक्र. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा उलटं घडतं: भरणाऱ्या पेशी भडकतात आणि वेडंवाकडं, दाट पण ठिसूळ हाड तयार होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. मूत्रपिंड आणि थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये पोखरणंच जास्त. हा फरक लक्षात ठेवा, कोणता स्कॅन कुठे चुकतो हे त्यावरून कळेल.

कॅन्सर हाडातच का जातो, हा प्रश्न जुना आहे. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या लंडनच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. गाठी शरीरात वाटेल तिथे रुजत नाहीत, ठरावीक अवयवांतच रुजतात, असं त्याच्या लक्षात आलं. झाडाचं बी चहूकडे उडतं, पण योग्य मातीतच उगवतं, असं त्याने मांडलं. पुढे १९४० मध्ये ऑस्कर बॅट्सन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने दुसरी बाजू दाखवली. मणक्याभोवती शिरांचं एक जाळं असतं आणि त्यात झडपा नसतात. खोकलं, जोर केला की ओटीपोटातलं रक्त तिथून मणक्यांकडे उलटं वाहू शकतं. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यात इतक्या सहज का पोचतो, हे त्यावरून कळतं. माती आणि वाट, दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

मोठ्या माणसात लाल मज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मऊ गर, जिथे असते, तिथेच ही बीजं प्रामुख्याने रुजतात: मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, कवटी, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली क्वचितच. म्हणून "माझ्या घोट्यावर ठिपका आलाय" म्हणून कुणी घाबरलं, तर मनातल्या मनात मी आधी मुरगळलेला पाय आठवते.

पर्वतीवरून दिसणारे दिवे

रात्री पर्वतीवर उभं राहून शहराकडे पाहा. एखाद्या ठिकाणी मोठे दिवे लावून काम चाललेलं असतं. काम चालू आहे, एवढं वरून नक्की कळतं. पण तिथे पडलेली भिंत दुरुस्त करतायत, नवी इमारत उभी राहतेय की जुना वाडा पाडतायत, ते वरून कळत नाही.

बोन स्कॅन म्हणजे पर्वतीवरून पाहणं. त्यात कॅन्सर दिसत नाही, नवं हाड भरण्याचं काम कुठे जोरात चाललंय ते दिसतं. कॅन्सरने नुकसान केलं की हाड दुरुस्तीला लागतं, म्हणून ठिपका. फ्रॅक्चर झालं की हाड दुरुस्तीला लागतं, म्हणूनही ठिपका. गुडघे झिजले की तिथेही तेच.

ते दिवे लावतो कसे, तर टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी धातूने. १९३७ मध्ये इटलीत सेग्रे आणि पेरिए या शास्त्रज्ञांनी तो शोधला. माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं ते पहिलं मूलद्रव्य. आमच्याकडे शिशाच्या जाड कवचात एक जनरेटर असतो. त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं, ते दर ६६ तासांनी निम्मं होतं आणि त्याचं टेक्नेशियम बनत जातं. सकाळी त्यातून सलाइन सोडलं की टेक्नेशियम तेवढं धुऊन बाहेर येतं. जगभरातले न्यूक्लिअर मेडिसिनवाले त्या जनरेटरला लाडाने "गाय" म्हणतात. दिवसाची पहिली धार काढायची आणि मग इंजेक्शनं भरायची. टेक्नेशियमला एमडीपी या फॉस्फेटसारख्या औषधाची जोड दिली की ते रक्तातून थेट हाडाकडे जातं आणि जिथे नवं हाड भरलं जातंय तिथे जास्त चिकटतं. त्यातून निघणारे गॅमा किरण आमचा कॅमेरा टिपतो आणि जिथून ते जास्त येतात तिथे पडद्यावर काळा ठिपका उमटतो. उजळणं म्हणतो ते हेच. लोक म्हणतात, "मशीन किरणं सोडतं." नाही. या तपासणीत किरणं पेशंटच्या अंगातून येतात, कॅमेरा फक्त बघतो. 

इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबावं लागतं. तेवढ्या वेळात औषध हाडात बसतं आणि उरलेलं लघवीवाटे निघून जातं. म्हणून "भरपूर पाणी प्या, पुन्हापुन्हा लघवीला जा" हा आमचा धोशा. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायचं असेल तर आधी सांगा.) मूत्राशय भरलेलं राहिलं तर त्याच्या मागचं हाड झाकलं जातं. कपड्यावर लघवीचा एक थेंब सांडला तरी मांडीवर किंवा कंबरेवर ठिपका उमटतो. शंका आली की आम्ही गाऊन बदलायला लावतो आणि तेवढा भाग पुन्हा स्कॅन करतो. त्या वेळी कृपा करून चिडू नका. दोन मिनिटांच्या त्रासात एक खोटा ठिपका पुसला जातो.

टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरंचसं लघवीतून गेलेलं असतं. एका बोन स्कॅनमध्ये साधारण ४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊन बसू नका, गरोदर बाईपासून थोडं लांब राहा. पेशंट स्वतः गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं.

ठिपका खोटा, ठिपका खरा

बरगड्यांवर एकाखाली एक ओळीने ठिपके असतील तर बहुधा तो मार असतो. पडताना सलग तीन-चार बरगड्या एका रेषेत दुखावतात. कॅन्सरचा डाग सहसा एकाच बरगडीवर लांबट पसरतो. पण "बहुधा" आणि "सहसा" यावर कुणाचं आयुष्य ठरवता येत नाही, म्हणून पुढच्या तपासण्या.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना सतत डोक्यात ठेवाव्या लागतात. एक, मणक्याचा टीबी. तो बोन स्कॅनवरही उजळतो आणि पेट स्कॅनवरही, आणि कॅन्सरची हुबेहूब नक्कल करू शकतो. दुसरी, ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता. हाडं मऊ पडतात, बरगड्यांना बारीक भेगा जातात आणि स्कॅनवर ठिपक्यांची माळ दिसते. औषधाने पूर्ण बरं होणारं दुखणं, पण फोटो पाहून धडकी भरावी असं. दाढेखालचा पू, चिकनगुनियानंतर सुजलेले सांधे, जुन्या ऑपरेशनची प्लेट, हेही ठिपके देतात.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त वाईट. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हाड नुसतं पोखरलं जातं, भरण्याचं काम जवळजवळ होतच नाही. मग दिवाच लागत नाही आणि बोन स्कॅन साफ दिसू शकतो. म्हणून मायलोमासाठी सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआयवर भर देतात.

सगळ्यात फसवा प्रकार सुपरस्कॅनचा. कॅन्सर सगळ्या सांगाड्यात इतका सारखा पसरलेला असतो की एकही ठिपका उठून दिसत नाही. चित्र नितळ, सुंदर. अशा वेळी नजर हाडांवरून काढून मूत्रपिंडांकडे न्यायची. सगळं औषध हाडांनीच ओढून घेतल्यामुळे एरवी दिसणारी मूत्रपिंडं चित्रात जवळपास नसतातच. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा त्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, फार सुंदर स्कॅन दिसला की आधी मूत्रपिंड शोधा.

मग एक्स-रे, सीटी, एमआरआय, पेट कशाला?

प्रत्येक जण वेगळा प्रश्न विचारतो म्हणून. "सगळ्यात भारी स्कॅन कुठला?" या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही.

एक्स-रेला भिंत पडलेली दिसते, ओल दिसत नाही. हाडातला ३० ते ५० टक्के खनिजाचा भाग गेल्यावरच त्यावर नीट कळतं. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" हे ऐकून कॅन्सरच्या जुन्या पेशंटने निर्धास्त होऊ नये. पण त्याची गरज संपलेली नाही. मांडीच्या हाडात डाग सापडला तर ते हाड मोडेल का, हे बघायला एक्स-रे लागतोच. डागाची जागा, आकार, प्रकार आणि दुखणं यांना गुण देऊन ठरवतात की हाड मोडायची वाट न बघता आधीच आत सळई घालायची का.

सीटी हाडाचं बारीक कोरीवकाम दाखवतो. बोन स्कॅनचा कॅमेरा पेशंटभोवती फिरवून त्रिमितीय चित्र घ्यायचं आणि त्यावर सीटी बसवायचा, याला स्पेक्ट-सीटी म्हणतात. पर्वतीवरून दिवा दिसला, मग त्याच पत्त्यावर जाऊन बघून आलो, असं ते आहे. शंकेचे कितीतरी ठिपके यातच निकाली निघतात.

पेट-सीटीत बहुतेक वेळा साखरेसारखं औषध देतात, एफडीजी. भुकेल्या पेशी ते ओढून घेतात, म्हणजे इथे हाडाची दुरुस्ती नव्हे, खुद्द कॅन्सरची भूक दिसते. म्हणून चार ते सहा तास उपास, आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. आदल्या दिवशी सिंहगड चढून येऊ नका. दमलेले स्नायू साखर खातात आणि चित्र गढूळ होतं. यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून औषधाची गाडी निघाली आणि बोरघाटात अडकून तिला तीन तास लागले, तर पुण्यात पोचेपर्यंत एक तृतीयांशही उरत नाही. पेटच्या पेशंटला आम्ही वेळेवर या म्हणतो त्यामागे हे गणित आहे.

प्रोस्टेटच्या कॅन्सरला मात्र बऱ्याचदा साखरेची फारशी भूक नसते. तिथे पीएसएमए पेट वापरतात. त्या पेशींच्या अंगावरच्या एका प्रथिनाला हे औषध चिकटतं. ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आजार पसरलाय का हे ओळखण्यात पीएसएमए पेट-सीटी ९२ टक्के अचूक ठरला, तर बोन स्कॅन आणि सीटी मिळून ६५ टक्के. मोठा फरक आहे. तरी बरगडीवरचा एखादा निरुपद्रवी ठिपका हाही स्कॅन दाखवतो, त्यामुळे इथेही ठिपका दिसला म्हणजे निकाल लागला असं नाही.

एमआरआय हाडाच्या आतली मज्जा दाखवतो, म्हणजे बीज रुजतं ती मातीच. हाड पोखरायला सुरुवात होण्याआधीचा बदलही त्यात कळू शकतो, आणि त्यात क्ष-किरण किंवा गॅमा किरण नसतात. पण त्याचं सगळ्यात मोठं काम वेगळं आहे, आणि या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

कॅन्सर झालेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाची पाठ दुखतेय आणि त्यात पाय जड वाटायला लागले, चालताना लटपटतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर तो मज्जारज्जूवर दाब असू शकतो. सोमवारची अपॉइंटमेंट घेऊ नका. मालिश नको, शेक नको. थेट इमर्जन्सीत जा आणि "यांना कॅन्सर आहे, पाय चालत नाहीत" हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा वेळी संपूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हायला हवा, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. संपूर्ण मणक्याचा, कारण दाब एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो. जो माणूस स्वतःच्या पायांनी उपचाराला येतो, त्याचे पाय वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. घरच्यांनी "सायटिका असेल" म्हणत तीन आठवडे काढलेले एक गृहस्थ स्ट्रेचरवरून आमच्याकडे आले होते. त्यांच्या बायकोचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

कुणाला स्कॅन नको

पहिल्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर, काही लक्षण नाही, रक्त ठीक आहे. अशा बाईला पसरला का बघायला बोन स्कॅन किंवा पेटची सहसा गरज नसते. कमी धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरचंही तेच. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच हे सांगितलं. कारण अशा पेशंटमध्ये खरा डाग सापडायची शक्यता फार कमी आणि झिजलेल्या मणक्याचा ठिपका सापडायची शक्यता भरपूर. मग त्या ठिपक्यामागे सीटी, एमआरआय, कधी सुई, आणि घरभर भीती. "मनाच्या समाधानासाठी करून टाकू" म्हणून आलेले लोक समाधान न घेताच परत गेलेले मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी नको म्हटलं तर ते पैसे वाचवायला किंवा टाळाटाळ करायला म्हटलंय, असं समजू नका.

काकूंचं पुढे काय झालं

बरगड्यांचे ठिपके पाहून मी विचारलं, "काकू, मध्यंतरी कुठे पडला होतात का?" "छे गं." फॉर्मवरही त्यांनी "नाही"वरच खूण केली होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "दीड महिन्यापूर्वी स्कूटरवरून उतरताना तोल गेला, फूटपाथच्या कडेवर आपटले. घरी नाही सांगितलं, मुलगा ओरडला असता." बरगडीचं फ्रॅक्चर स्कॅनवर कित्येक महिने, कधी वर्षभरही उजळत राहतं. स्पेक्ट-सीटीत तिन्ही बरगड्यांवर भेगा स्पष्ट दिसल्या.

पण चित्र खाली सरकत गेलं तेव्हा कंबरेच्या हाडाच्या उजव्या बाजूला एक फिकट ठिपका होता. तिथे त्यांना काहीच दुखत नव्हतं. मी त्यांना पुन्हा लघवीला पाठवलं, गाऊन बदलायला लावला, परत झोपवलं. ठिपका तिथेच होता. पुढे सीटीत बघून तिथून सुईने तुकडा घेतला, आणि तो कॅन्सर निघाला. दुखत होतं ते खोटं, न दुखणारं खरं. सुईचा तुकडा आणखी एका कारणासाठी लागतो: पसरलेल्या कॅन्सरचे रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन वगैरे ज्यांना चिकटतात ती पेशींवरची किंवा पेशींतली प्रथिनं, मूळ गाठीपेक्षा बदललेले असू शकतात, आणि गोळी कोणती द्यायची ते त्यावर ठरतं.

त्यांना हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्या आणि हाड बळकट करणारं इंजेक्शन सुरू झालं. अडीच महिन्यांनी स्कॅनला आल्या तेव्हा तो फिकट ठिपका चांगलाच गडद झाला होता. रिपोर्ट वाचून त्या रडवेल्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं: उपचार लागू पडला की हाड भरून यायला लागतं, आणि भरणं म्हणजेच स्कॅनवर काळं. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत असं होऊ शकतं. नवे ठिपके आलेले नव्हते. तेव्हा औषध न बदलता आणखी तीन महिने थांबायचं ठरलं.

पुढच्या स्कॅनला काकू एकट्याच बसने आल्या. ठिपका पुन्हा फिकट झाला होता. त्या दिवशी मी सुई टोचायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "या वेळी कुठेही पडले नाहीये. पण दाढ फार ठणकतेय, उद्या काढून घेणार आहे."

"उद्या नाही काकू," मी म्हटलं. "ते हाडाचं इंजेक्शन चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड कधीकधी भरतच नाही. आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करू." आणि फॉर्मवर, पडल्याच्या रकान्याखाली, मी लिहिलं: उजवीकडची खालची दाढ.